फ्रँकफर्टचा रविवार आणि एक शर्ट

रविवारी दुपारी फ्रँकफर्टला उतरलो, बॅग आलीच नाही. सोमवारी सकाळी मीटिंग, अंगात चुरगळलेला टी-शर्ट! पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर क्रमांक (हरवलेल्या सामानाच्या तक्रारीचा नंबर) घेतला. तो घेतल्याशिवाय बाहेर पडूच नका.

शहरात गेलो तर दुकानं बंद. जर्मनीत रविवारी बाजार बंदच असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग रोमरबर्गचा चौक पाहिला, आयसर्नर श्टेग पुलावर प्रेमिकांची कुलपं बघत माइन नदीवर तासभर काढला. (बॅग नसल्यानं चालायला मात्र बरं!)

हॉटेलातल्या बाईंनी तोडगा सांगितला: विमानतळावरची दुकानं रविवारीही उघडी असतात. एस-बाननं (तिथल्या लोकल ट्रेननं) परत गेलो, पांढरा शर्ट घेतला, पावती जपली. बॅग मंगळवारी आली. शर्टाचे पैसे विमान कंपनीनं पावतीवर दिले.