रीलोडिंग प्रेसवरचे बारीक भाग हाताळताना या चुका टाळा

काडतुसे पुन्हा भरण्याच्या प्रेसवर नव्याने बसणाऱ्या माणसाला दारूचे वजन चुकण्याची भीती वाटते आणि ती वाटायलाच हवी. परंतु त्याचा वेळ आणि धीर मात्र खर्च होतो तो बोटांच्या चिमटीत नीट न येणाऱ्या भागांवर: पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) जागेवर धरणारी लोकेटर पिन, शेलप्लेट म्हणजे पुंगळ्या घेऊन फिरणाऱ्या तबकडीखालचा छर्रा (छोटी गोळी) व त्याची स्प्रिंग, वापरलेला प्रायमर ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन, पुंगळीचा तळ पकडणारा शेलहोल्डर अडवणारी तारेची क्लिप आणि अर्थातच प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी. हे भाग हाताळायला सोपे करण्याचे मार्ग आहेत आणि त्यांतले काही मी रोज वापरतो; मात्र त्याच नावाखाली होणारे बिघाड इतक्या वेळा पाहिले आहेत की, ते एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त छेडछाड होते ती लोकेटर पिनची. हाताने फिरवायच्या शेलप्लेटच्या प्रेसवर स्थानकासमोर, म्हणजे कामाचा एकेक टप्पा होतो त्या जागेसमोर, एक छोटी पितळी पिन उभी असते आणि मधल्याच टप्प्यावर एखादी पुंगळी बाहेर काढून दारू तोलून पाहायची झाली की ती पिन उपसावी लागते. तिचे डोके इतके लहान असते की तेलकट किंवा जाड बोटांना ती दाद देत नाही. म्हणून तिला मोठी मूठ बसवावी हा विचार अगदी योग्य आहे. चूक होते ती मूठ किती मोठी असावी हे न मोजता ठरवण्यात. मी स्वतः पहिल्या वेळी नायलॉनच्या दांडीचा बारा मिलिमीटर उंचीचा तुकडा कापला, त्याला भोक पाडले आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पिनच्या डोक्यावर बसवला. हातात तो सुरेख येत होता. पुंगळीला मूळ मापात आणणारा साचा, म्हणजे साइझिंग डाय, मात्र पूर्ण स्ट्रोकमध्ये शेलप्लेटला जवळजवळ टेकते, हे ठाऊक असूनही मी ते तपासले नाही. काही पुंगळ्या नीट गेल्या, कारण मूठ किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेली होती. मग ती फिरली, डायच्या खालच्या कडेखाली सापडली आणि मी दांड्यावर दिलेला सगळा जोर त्या पिनवर उतरला. गोंद सुटला, पिन वाकली आणि शेलप्लेटखालच्या प्लॅटफॉर्ममधले तिचे भोक लंबगोल झाले. त्यानंतर त्या स्थानकावर पुंगळी कधीच मध्यावर उभी राहिली नाही. डायच्या कडेवर आपटून पुंगळ्यांची तोंडे दबू लागली आणि अखेरीस मला तो प्लॅटफॉर्मच बदलावा लागला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पिनचा जो भाग भोकात जातो आणि जो पुंगळीच्या कडेला टेकतो, त्याला कानस लावायची नाही. मूठ फक्त त्याच्या वर असावी. मूठ पितळेची, बुटकी आणि बाजूला खाचा पाडलेली असावी, म्हणजे ती बोटातून निसटत नाही आणि तिच्या वजनामुळे पिन बसलेली राहते. हलक्या प्लास्टिकच्या मुठी प्रेसच्या हादऱ्यांनी हळूहळू वर येतात आणि ते लक्षात येते तेव्हा पुंगळी तिरकी झालेली असते. गोंदापेक्षा घट्ट बसणारा जोड किंवा बारीक आटे चांगले. नवी मूठ बसवल्यावर प्रेसवर ना प्रायमर, ना दारू अशा स्थितीत, सर्व डाय जागेवर ठेवून, दांडा अगदी सावकाश वरपासून खालपर्यंत न्यावा आणि पिन हाताने फिरवून प्रत्येक स्थितीत हीच चाचणी पुन्हा करावी. या चाचणीला पाच मिनिटे लागतात. ज्याला तेवढीही घाई आहे, त्याने प्रेसवर कोणताही बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पिन हरवू नये म्हणून तिला दोरा बांधणे हा उपाय तर मुळीच नको, कारण तो दोरा फिरत्या शेलप्लेटमध्ये गुंततो.

दुसरी चूक छर्‍याची. शेलप्लेटच्या तळाला खळगे असतात आणि खालून स्प्रिंगने ढकललेला छर्रा त्यांत बसून प्लेटला प्रत्येक स्थानकावर अडवतो. प्लेट बदलताना बोल्ट सोडून ती झटक्यात उचलली, तर छर्रा उडून जातो. यासाठी प्लेट उचलताना प्रेसभोवती पारदर्शक प्लास्टिकची पिशवी धरावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि परत जोडताना छर्‍याला चिकट ग्रीसचा ठिपका लावावा, म्हणजे तो स्प्रिंगवर टिकून राहतो. ग्रीस मात्र ठिपकाभरच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस प्रायमर बसवण्याच्या जागेकडे पसरते.

याच छर्‍याशी जोडलेली एक चूक अधिक गंभीर आहे. प्लेट जागेवर बसताना झटका बसतो आणि काठोकाठ भरलेल्या पुंगळीतून दारूचे दाणे सांडतात. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापण्याचा सल्ला अनेकजण सहज देतात. एका परिचिताने तो मानला आणि प्लेट खरोखरच मऊ फिरू लागली, परंतु ती खळग्यात पूर्ण बसण्याआधीच थांबू लागली. पुंगळीच्या तळातली प्रायमरची खाच आणि प्रायमर आत दाबणारा पंच एका रेषेत येईनात आणि प्रायमर तिरके दबू लागले. त्याने अडखळलेला दांडा जोराने रेटला नाही, एवढ्यामुळेच काही विपरीत घडले नाही. स्प्रिंग कापू नये. दांडा सावकाश चालवावा, प्लेट हाताने फिरवण्याची असल्यास दुसऱ्या बोटाचा आधार देऊन ती थांबवावी आणि बोल्ट नीट लावलेला आहे ना हे पाहावे. मी बोल्ट घट्ट करतो, प्लेट मोकळी फिरेल इतकाच मागे घेतो आणि मग त्याला अडवणारा छोटा स्क्रू आवळतो. बोल्ट सैल राहिला की प्लेट डुगडुगते आणि प्रायमर उथळ बसतात. ते पुंगळीच्या तळाच्या पातळीखाली साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आत असावेत.

चुंबकी बशी उपयोगी आहे, पण फक्त पोलादी भागांसाठी. पितळी पिन आणि प्रायमर तिला चिकटत नाहीत. डीकॅपिंग पिन तिच्यात फार काळ ठेवली तर तीही चुंबकीय होते आणि लोखंडी कण गोळा करते.

प्रायमरबाबत मात्र सोय हा विचार नेहमी दुसऱ्या क्रमांकावर असावा. लहान प्रायमरचा व्यास सुमारे ४.४५ मिलिमीटर आणि मोठ्याचा ५.३३ मिलिमीटर असतो. हा फरक नजरेने सहज जाणवत नाही, म्हणून दोन्ही मापांच्या डब्या एकाच वेळी टेबलावर उघडू नयेत आणि प्रायमर टिपून रांगेत भरण्याच्या प्रत्येक मापाच्या नळ्यांना वेगळ्या रंगाची पट्टी लावावी. ते बोटांनी एकेक उचलण्याऐवजी खाचा असलेल्या पालथ्या करता येणाऱ्या तबकात ओतून हलवावेत, म्हणजे ते आपोआप एका बाजूला वळतात आणि नळीने टिपता येतात. चिमट्याने ते दाबून धरू नयेत. नळीत प्रायमर अडकला, तर धातूच्या सळईने ठोकण्याचा मोह अजिबात नको. एक फुटला तर नळीतली सगळी रांग एकदम पेटू शकते. नळी काढावी, अडथळ्यावर जोर न देता ती उलटी करून मोकळी करावी आणि तिचे प्लास्टिकचे टोक झिजले असेल तर बदलावे. कारखान्यातून प्रायमर शंभरच्या तबकात एकमेकांपासून अंतर राखून येतात, ते याच कारणासाठी. ते बरणीत ओतून ठेवणे म्हणजे ती सुरक्षितता स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. तेलकट बोटांनी प्रायमरला हात लावू नये, कारण तेल त्याची ज्वलनशक्ती मारू शकते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते.

बारीक भाग हरवतात, हे गृहीत धरून मी प्रत्येकाचा एक सुटा नग झाकण असलेल्या खणांच्या डबीत ठेवतो. उठण्यापूर्वी तबकातले, नळीतले आणि पुंगळ्यांत बसवलेले प्रायमर मोजून बेरीज पहिल्या संख्येशी ताडतो. एक जरी कमी भरला, तरी व्हॅक्यूम क्लीनर लावत नाही. दिवा खाली धरून गुडघ्यांवर बसतो आणि तो सापडेपर्यंत खोलीत दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही.