पिपचं अपील आणि इंटरप्रिटर, सुनावणीआधी एवढं बघून घ्या

बडोद्याहून युकेला गेलेल्या आपल्या कोणाचा पिप, म्हणजे तिकडचा अपंगत्वाचा भत्ता, नाकारला असेल आणि अपील ट्रिब्युनलसमोर, म्हणजे तिकडच्या न्यायाधिकरणासमोर, लागणार असेल तर पहिले फॉर्ममधला भाषेचा रकाना बघा. जन्म वडोदरा दिसला की समोरचा गुजराती धरून चालतो, आणि आपणही दांडिया बाजारात रोज गुजराती बोलतोच म्हणून गप्प बसतो, पण बाथरूमचं, रात्रीच्या दुखण्याचं माणूस घरच्या भाषेतच नीट सांगतो, तेव्हा 'मराठी' स्पष्ट लिहा आणि तारीख आली की फोन करून परत कन्फर्म करा. इंटरप्रिटर ट्रिब्युनल देतं, फुकट. मुलगा-सून सोबत बसू शकतात पण त्यांना दुभाषा म्हणून सहसा घेत नाहीत, आणि बरंच आहे ते, आंघोळीला मदत लागते हे काकू सुनेच्या तोंडून सांगतील का?

आता मेन गोष्ट. चालण्याच्या प्रश्नात २० मीटर, ५० मीटर असे टप्पे आहेत, त्यावर पॉइंट, एकूण ८ झाले तर साधा दर, १२ ला वरचा. काकू म्हणणार, "चालते हो, पण कोपऱ्यापर्यंत गेले की भिंत धरून उभी राहते, दुसऱ्या दिवशी उठवत नाही," आणि इंटरप्रिटर घाईत सांगणार की हो, कोपऱ्यापर्यंत चालतात. झालं, गेले पॉइंट! म्हणून घरीच मोजून कागदावर लिहून ठेवा, दारापासून कुठवर, मध्ये किती थांबे, महिन्यातले किती दिवस असं, कारण निम्म्याहून जास्त दिवस त्रास आहे का हे बघतात. उत्तर देताना एक वाक्य, थांबा, त्याचं होऊ दे, मग पुढचं. आपल्या लोकांना पार सुरुवातीपासून सांगायची सवय, ती तेवढा वेळ आवरा.

दोन्ही भाषा येणारं कोणीतरी सोबत हवंच, काय गाळलं ते टिपून घ्यायला. इंटरप्रिटरचं समजत नसेल तर तिथल्या तिथे जजना सांगा, "बिचारा एवढ्या लांबून आलाय" वगैरे नको, तारीख पुढे गेली तरी परवडलं. पुढे अप्पर ट्रिब्युनलला, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाकडे, फक्त कायद्याच्या चुकीवर जाता येतं, भाषांतरामुळे सुनावणीच अन्यायाची झाली हे त्यात बसू शकतं, पण मग तेव्हा का नाही बोललात हे विचारणारच. निकाल विरुद्ध गेला तर महिन्याच्या आत लेखी कारणं मागा, रेकॉर्डिंगही मागा.

आणि इकडून, म्हणजे भारतातून, व्हिडिओवर साक्ष द्यायचा विचार असेल तर ट्रिब्युनलला आधीच कळवा, परदेशातून साक्ष चालते का हे ते वेगळं तपासतात, ऐनवेळी लिंक उघडून बसू नका.