सेकंडहॅण्ड एसयूव्ही घेताय? रिकॉल आणि नेहमीच्या बिघाडांबाबत या चुका टाळा

जुनी एसयूव्ही बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग किलोमीटर, मग टायर. चासी नंबर आरसीवर एकदा वाचतो आणि पुढे जातो. निम्मा घोळ इथेच होतो. कंपनी एखाद्या दोषासाठी गाड्या परत बोलावते, म्हणजे रिकॉल करते, तेव्हा पत्र, मेसेज आणि फोन जातात पहिल्या मालकाकडे. त्याने गाडी विकलेली असते, नंबर बदललेला असतो, दादरहून तो ठाण्याला राहायला गेलेला असतो. निरोप त्याच्यापाशीच संपतो. काम मात्र कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये चासी नंबरासमोर बाकी म्हणून पडून राहतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या घरची माणसं त्याच गाडीत बसून फिरत असतात.

पहिली चूक: मालकाला विचारणं, गाडीला न विचारणं

“काही रिकॉल वगैरे होतं का?” असं विचारलं की बहुतेक मालक प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. म्हणून चासी नंबर गाडीवरूनच उतरवून घ्या. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर तो छापलेला असतो. बॉडीवरही कोरलेला असतो: काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर मागच्या भिंतीवर, काहींत पुढच्या सीटखाली कार्पेटची छोटी झडप उचलली की दिसतो. दोन्ही ठिकाणचे फोटो काढा आणि आरसी व इन्शुरन्सवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. हा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं येतच नाहीत. म्हणजे गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक. एक अक्षर चुकलं तरी वेबसाइट “काही बाकी नाही” असं सांगून मोकळी होईल.

मग तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर ही सोय आहे. पण तिथेच थांबू नका. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेऊन सर्व्हिस ॲडव्हायजरला नेमका प्रश्न विचारा: “या चासी नंबरावर कुठलं रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन उघडं आहे का, आणि जी झाली ती कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला बंद झाली?” दोन्ही शब्द वापरायचे, कारण बरीच कामं कंपनी “रिकॉल” न म्हणता “कॅम्पेन” किंवा “तपासणी मोहीम” म्हणून करते. उत्तर तोंडी घेऊ नका. सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट मागा. त्यासाठी मालक सोबत लागतो, म्हणून हे काम टोकन देण्याआधीच उरका.

दुसरी चूक: पासिंगच्या तारखेवरून अंदाज बांधणं

रिकॉल ठरतं ते उत्पादनाच्या तारखेवर, रजिस्ट्रेशनच्या नव्हे. मारुतीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलर बदलण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यांत ब्रेझा आणि ग्रँड व्हिटारा होत्या, आणि गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. यातली एखादी गाडी शोरूममध्ये उभी राहून मार्चमध्ये पासिंग झालेली असू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो बघा.

मुंबईकर खरेदीदाराने माहीत ठेवावीत अशी आणखी काही:

महिंद्रा एक्सयूव्ही७००: ऑगस्ट २०२३ मध्ये १,०८,३०६ गाड्या, उत्पादन ८ जून २०२१ ते २८ जून २०२३. इंजिन बेमधलं वायरिंग घासून कापलं जाण्याची शक्यता होती. म्हणजे बाजारात आज दिसणाऱ्या सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या एक्सयूव्ही७०० या तारखांमध्ये येतात. मॅन्युअल गिअरच्या एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन, १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ दरम्यान बनलेल्या, यांना क्लचच्या बेल हाउसिंगमधल्या (क्लचभोवतीच्या धातूच्या कवचातल्या) रबर बेलोची, म्हणजे रबरी आवरणाची, वेगळी तपासणी होती. एकाच गाडीवर दोन्ही कामं निघू शकतात.

मारुती व्हिटारा ब्रेझा आणि एस-क्रॉस, पेट्रोल: सप्टेंबर २०२१ चं मोटर जनरेटर युनिटचं (मोटर आणि जनरेटर अशी दोन्ही कामं करणाऱ्या इलेक्ट्रिकल भागाचं) रिकॉल, ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यानच्या गाड्यांसाठी. यात सिआझ, अर्टिगा, एक्सएल६ धरून एकूण १,८१,७५४ गाड्या होत्या. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. हिंदमाता किंवा मिलन सबवे अशा पावसात तुंबणाऱ्या ठिकाणांवरून रोज जाणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

जुनी होंडा सीआर-व्ही: इथे प्रश्न ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा आहे. त्यात अमोनियम नायट्रेटचं इंधन होतं आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओल शोषणारा पदार्थ घातलेला नव्हता. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते इंधन खराब होतं, अपघातात हवं त्यापेक्षा जोरात जळतं, इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटतं आणि तुकडे माणसाच्या अंगावर येतात. अमेरिकेत दुरुस्तीचा क्रम लावताना फ्लोरिडा, हवाईसारखे दमट भाग आधी घेतले ते याचमुळे. मुंबईची हवा कशी आहे ते सांगायला नको.

ताकाताच्या प्रकरणातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: अशा दोषाची आधी कसलीच चाहूल लागत नाही. दिवा पेटत नाही, आवाज येत नाही, गाडी मस्त चालते. “काही त्रास नाही म्हणजे रिकॉलची गरज नाही” हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेने रिकॉल करत आल्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०ए आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार सरकार सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सक्तीचं रिकॉल काढू शकतं. गाडी त्याहून जुनी असली तरी स्वेच्छेच्या मोहिमेतलं राहिलेलं काम वर्कशॉपमध्ये विचारा. सांगितलेला पार्ट ते सहसा फुकटच बदलतात.

तिसरी चूक: एअरबॅगच्या दिव्यावर विश्वास

चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि पाच-सहा सेकंदांत विझतो. विझला नाही तर दोष आहे हे सगळ्यांना कळतं. पण दिवा पेटलाच नाही तर? बहुतेक लोक ते चांगलं समजतात. उलट ती धोक्याची खूण आहे. अपघातात फुटलेली एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकणं किंवा एअरबॅगच्या जागी रेझिस्टर हा छोटा इलेक्ट्रिकल पार्ट लावून कॉम्प्युटरला फसवणं, हे दोन्ही प्रकार होतात. भंगारातून, कुर्ल्याच्या बाजारातून आणलेली एअरबॅग बसवली असेल तर ती ज्या गाडीतून निघाली तिचं रिकॉल तिच्यासोबत आलं, आणि तुमचा चासी नंबर कितीही शोधला तरी ते सापडणार नाही.

तपासायला सोपी जागा म्हणजे सीटबेल्टच्या अगदी खालच्या टोकाला शिवलेलं लेबल. त्यावर बेल्टच्या उत्पादनाची तारीख असते. गाडी २०१९ ची आणि ड्रायव्हरचा बेल्ट २०२२ चा असेल, तर मधे काय झालं ते विचारा. पुढच्या सीटवर जाड कव्हर असेल तर साइड एअरबॅगचा शिवणीचा भाग मोकळा आहे का तेही बघा. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड असेल तर तो काढून टाका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, शिवाय धक्क्याचं गणित बिघडून एअरबॅग उघडण्यावर परिणाम होऊ शकतो.

चौथी चूक: पाणी बघायचं राहून जाणं

सीटबेल्टपाशी आहातच, तर तो हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत. वरचा वापरातला हात-दोन हात पट्टा डीलरने धुतलेला असतो. शेवटची वीतभर पट्टी सहसा कोणी धूत नाही. तिथे तपकिरी रेघ, वाळलेला बारीक चिखल किंवा कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. त्यानंतर पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट बघा आणि डाव्या बाजूच्या पायाखालच्या कार्पेटची कड उचलून खालच्या फेल्टला, म्हणजे जाड अस्तराला, हात लावा. वरचं कार्पेट दोन दिवसांत वाळतं, फेल्ट आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलर मधल्या कन्सोलखाली जमिनीलगतच असतो, त्यामुळे आत शिरलेलं पाणी काही महिन्यांनी एअरबॅगचा बिघाड होऊन वर येतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर सौदा सोडा.

इंजिनाने पाणी ओढलं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. इंजिन चालू होतं, चालतंही, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कमी पडतं. शंका आली तर सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागा.

समुद्राजवळ, वर्सोवा किंवा कफ परेडसारख्या ठिकाणी उघड्यावर उभी राहिलेली गाडी लिफ्टवर चढवूनच बघा: ब्रेकचे पाइप, सबफ्रेमचे जोड, सायलेन्सरचे हँगर. वरवरचा तांबूस थर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नाही. फोर्ड इकोस्पोर्टचं २०१६ मधलं एक रिकॉल चुकीच्या जागी बसलेल्या क्लिपमुळे ब्रेक आणि इंधनाचे पाइप गंजण्याच्या शक्यतेसाठीच होतं. फोर्डने इथलं उत्पादन थांबवलं तरी सर्व्हिस चालू आहे, तेव्हा तिथेही चासी नंबर तपासता येतो.

पाचवी चूक: शहरातल्या फेऱ्यांसाठी बीएस६ डिझेल, डीपीएफ न बघता

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस६ या प्रदूषण नियमांच्या डिझेल एसयूव्हींमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ फिल्टर असतो. तो काजळी साठवतो आणि सुमारे ६०० अंश तापमानाला ती जाळून स्वतःला साफ करतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. अंधेरी ते बीकेसी असा रोजचा प्रवास असेल तर तसं घडतच नाही. साफसफाई अर्धवट तुटते आणि तिच्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून गाडी सपाट जागी दहा मिनिटं बंद ठेवून डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, पातळ वाटत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर मालक त्याला “फुल भरलंय” म्हणेल, पण तो डीपीएफचा त्रास आहे. दुसरी खूण: थंड सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. धड डीपीएफ असलेल्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं कुळकुळीत निघालं तर फिल्टर तडकलाय किंवा आतून पोकळ केलाय. स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण आणि शेवटची साफसफाई किती किलोमीटरमागे झाली तेही वाचून घ्या. एरर कोड नुकतेच पुसलेले असतील तर स्कॅनर तेही दाखवतो. तरीही डिझेलच हवं असेल तर आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवर किंवा ठाण्यापलीकडे मोकळ्या हायवेवर फेरी मारायची तयारी ठेवा.

सहावी चूक: टायमिंग बेल्टचं बिल न मागणं

डस्टरचं १.५ डिझेल, एस-क्रॉसचं १.६ डिझेल, तसंच कंपास, हॅरियर, हेक्टर यांचं २.० डिझेल: या इंजिनांत व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवायला चेन नसून बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटर आणि वर्षं यांपैकी जे आधी येईल ते धरायचं. कमी चाललेली गाडी म्हणून बेल्ट नवा राहत नाही. बिलावर बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून, वाटेवर धरणारी चाकं) आहे का बघा. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं तर त्याचं रबर सुटतं आणि ऑइल पंपाची जाळी चोंदते. तिथे ऑइलची बिलं नसतील तर गाडी घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर नको

इंजिन थंड असताना पोहोचा, बॉनेटला हात लावून खात्री करा. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून वीस मिनिटं चालवा आणि तापमानाचा काटा बघा. एसी बंद करून, खिडक्या लावून, गाणी बंद करून स्पीडब्रेकरवरून दहाच्या वेगाने जा: पुढून हलकी टकटक आली तर लिंक रॉड, तो स्वस्तात होतो. जड धप्प आवाज आला तर लोअर आर्म बुश किंवा बॉल जॉइंट, त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

क्लच बघायचा असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतात पण गाडी वेग घेत नाही म्हणजे प्लेट गेली. ड्राय क्लचच्या डीसीटी (दोन क्लचच्या) ऑटोमॅटिकला सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्समध्ये हळू चढवा. थरथर किंवा ट्रान्समिशन तापल्याची सूचना आली तर वर्कशॉपचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदांचं काम ठरलेलं आहे: गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायला बँकेचा एनओसी आणि फॉर्म ३५, थकलेले ई-चलन, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाट्या. इन्शुरन्स तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करा. मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि नावावर गाडी झाली की त्याच आठवड्यात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन चासी नंबरासमोर तुमचा फोन आणि पत्ता नोंदवून घ्या, म्हणजे पुढचा रिकॉलचा मेसेज तुमच्या फोनवर येईल.