टीए व्हाल तेव्हा पोरांचं गणित कुठवर आलंय ते आधी विचारा

कोल्हापूरला एम.एस्सी. करून मी अमेरिकेत पीएच.डी.ला गेले, तेव्हा टीएचं, म्हणजे टीचिंग असिस्टंटचं, काम म्हणजे ब्युरेट वाचायला शिकवायचं आणि वह्या तपासायच्या, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच सेमिस्टरला एक चूक केली, ती आधी सांगते.

जनरल केमिस्ट्रीच्या माझ्या तुकडीत चोवीस जण, त्यात दोनच कृष्णवर्णीय मुली. त्यातली एक ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायच्या वेळेत, यायची, नेहमी एकटी. मिडटर्मला तिला ५२ पडले. "कोर्स सोडू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सोड, नंतर नीट कर. ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची खूण) येईल, नापासाचा शेरा तर नाही ना! डोक्यात आपली एटीकेटी होती. विषय राहिला तरी वर्ष पुढं सरकतं.

तिथं सरकत नाही. आपल्याला बी.एस्सी.ला विषय आयते मिळतात, तिथं मुलं एकेक कोर्स निवडतात आणि प्रत्येकाला आधीच्या कोर्सची अट असते. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिक दोन, मग फिजिकल, आणि फिजिकलला कॅल्क्युलस नि फिजिक्स झालेलं लागतं. या मुलीच्या हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस शिकवतच नव्हते. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त असलेल्या हायस्कूलांपैकी निम्म्याहून कमी ठिकाणी ते शिकवतात. म्हणून ती प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करत होती. त्यात माझा सल्ला. आमच्याकडं जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग फक्त ऑगस्टला सुरू व्हायचा; म्हणजे ऑरगॅनिक थेट तिसऱ्या वर्षी. एनएसएफ ही विज्ञानाला निधी देणारी सरकारी संस्था; तिच्या आरईयूचे, म्हणजे उन्हाळी संशोधनाचे, अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे असतात. तोवर ऑरगॅनिक पूर्ण झालेलं नसेल तर केमिस्ट्रीच्या बऱ्याच लॅब घेत नाहीत. लॅब नाही म्हणून काम पाहिलेला प्राध्यापक नाही, आणि चौथ्या वर्षी डिसेंबरात पीएच.डी.च्या अर्जाला जोडायला धड शिफारसपत्र नाही. प्रवेश समितीच्या लेखी मग 'तयारी कमी'.

मी आधी समजत होते की या मुलांना विज्ञानाची ओढच कमी. तसं नाही. कॉलेजला येताना विज्ञान निवडण्यात कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या फार मागं नसतात, मधेच सोडणाऱ्यांत मात्र त्यांचं प्रमाण जास्त असतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात १९७० च्या दशकात गणित शिकवणाऱ्या युरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलस घेतलेली वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी मुलं जवळून पाहिली. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, पण खोलीत एकटी बसायची. चिनी मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. हे वाचून मी खजील झाले, कारण आम्ही पाच देशी पोरं एका किचनमध्ये कुकर लावून क्वांटमची गणितं सोडवायचो आणि त्याला 'आपली हुशारी' म्हणायचो.

मेरीलँडमध्ये यूएमबीसी नावाचं विद्यापीठ आहे. तिथं १९८८ मध्ये फ्रीमन ह्रबॉव्स्की यांनी सुरू केलेला मायरहॉफ स्कॉलर्स कार्यक्रम याच धाग्यावर उभा आहे: कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातच अभ्यास सुरू, गटानं अभ्यास सक्तीचा, संशोधन लवकर. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनातल्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच.

आता मी पहिल्या लॅबला प्रत्येकाकडून एका कार्डावर लिहून घेते, सध्या गणिताचा कुठला कोर्स चालू आहे. कोण एकटं बसतंय ते पाहून गट मीच पाडते. आपापले पाडायला सांगितलं की त्या दोन मुली उरतात. कोर्स सोडायचं कुणी विचारलं तर हो-नाही काहीच म्हणत नाही. चार वर्षांचा तक्ता कागदावर काढायला लावते, आरईयूच्या तारखा त्यात लिहायला लावते, आणि तो कागद घेऊन ॲडव्हायझरकडं पाठवते.

ती मुलगी दोन वर्षांनी लायब्ररीत भेटली. पब्लिक हेल्थला गेली होती, मजेत होती. ऑरगॅनिक तिनं घेतलंच नाही.