ड्रिल हातात घेण्याआधी: छोट्या बोटीवर फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर बसवण्याची तयारी

फिशफाइंडर म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र; ट्रान्सड्यूसर हा त्याचा ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग. पैसे खर्च करण्याआधी बोटीचा तळ नेमका कशाचा आहे ते पाहून घ्या. ‘फायबरची आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा बाल्साचं लाकूड भरलेलं आहे का, हे बोट बांधणाऱ्याला विचारा. तळ भरीव फायबरचा असेल तर ट्रान्सड्यूसर बोटीच्या आतच चिकटवता येतो आणि ध्वनी तळातून आरपार जातो. बाहेर भोक पाडावं लागत नाही, शेवाळ धरण्याची भीती नाही, किनाऱ्यावर ओढताना काही तुटण्याची काळजी नाही. मधल्या थरात फोम असेल तर त्यातल्या हवेच्या बारीक कप्प्यांपाशीच ध्वनी मागे फिरतो, आणि मग स्क्रीनवर काही धड उमटत नाही. लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तळातूनही हा प्रकार चालत नाही. आतून बसवण्याचे तोटेही आधीच माहीत असू द्या. प्रतिध्वनी थोडा क्षीण होतो, तापमान पाण्याऐवजी तळाचं दिसतं, आणि डाउन किंवा साइड इमेजिंगचा (खालचं किंवा बाजूचं फोटोसारखं चित्र) नाद सोडावा लागतो. चिकटवायचं इपॉक्सी कालवण्याआधी एक परीक्षा मात्र घ्या. बोट एका जागी बांधून ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यात धरा, खोली आणि चित्र पाहा. मग बोटीत ठरलेल्या जागी थोडं पाणी ओतून तो तळाला टेकवा. दोन्ही चित्रं जवळपास सारखी आली तरच चिकटवा.

तळाला भोक पाडून बसवायचा प्रकार छोट्या बोटीला सहसा लागत नाही. लागलाच तर धातू जपून निवडा. ॲल्युमिनियमच्या बोटीत ब्रॉन्झचा ट्रान्सड्यूसर कधीच नको. पाण्यात या दोन धातूंचं बॅटरीसारखं सेल तयार होतं आणि बोटीचं ॲल्युमिनियम झिजत जातं. तिथे स्टेनलेस स्टील घ्या. लाकडी बोटीत प्लास्टिकचं हाउसिंग नको, कारण लाकूड पाण्याने फुगतं आणि प्लास्टिकला चीर पाडू शकतं.

मागे इंजिन लावलेल्या छोट्या बोटीला माझ्या मते ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या फळीवर, बाहेरून बसणारा ट्रान्सड्यूसरच बरा. थोडा वर, थोडा खाली, थोडा तिरका असं नंतरही करता येतं, आणि ही मुभा पुढे फार उपयोगी पडते.

आता फ्रिक्वेन्सी. कमी फ्रिक्वेन्सी खोल जाते आणि रुंद पसरते, जास्त फ्रिक्वेन्सी बारकावे दाखवते पण लवकर दमते. २०० किलोहर्ट्झच्या ध्वनीचा पाण्यात पसरणारा शंकू बऱ्याचदा २० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा तळ दिसतो. ५० किलोहर्ट्झला ४५ अंशांचा शंकू धरला तर तिथेच आठ मीटरहून अधिक दिसतो, पण जवळजवळचे मासे एकमेकांत मिसळतात. उथळ पाण्यात हिंडणाऱ्याने २०० किंवा त्याच पट्ट्यातला चर्प (एकाऐवजी फ्रिक्वेन्सींचा सलग पट्टा वापरणारा प्रकार) घ्यावा. ५० किलोहर्ट्झ खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठी. एक ध्यानात असू द्या, रुंद शंकूत तळाचा जो भाग सर्वांत जवळ असतो तोच आधी उमटतो. उतारावर दिसणारी खोली तुमच्या अगदी खालची असेलच असं नाही.

वॉटच्या आकड्यांनी दिपून जाऊ नका. एका खोक्यावर ४,००० वॉट पीक-टू-पीक (लहरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजलेली ताकद) आणि दुसऱ्यावर ५०० वॉट आरएमएस (सरासरी धरलेली ताकद) असं लिहिलेलं असेल तर दोन्ही एकच आहेत. पहिला आकडा दुसऱ्याच्या आठपट असतो. तुलना नेहमी आरएमएसची करा. ट्रान्सड्यूसर वेगळा घेत असाल तर त्याचा प्लग तुमच्या यंत्राला बसतो का, आणि यंत्राच्या मेनूत त्या मॉडेलचं नाव आहे का, हे विकत घेण्याआधीच पाहा.

सगळ्यात जास्त वेळ जागेला द्या. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. १५ मीटर खोल तळाला लागून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. परत येणाऱ्या त्या क्षीण आवाजाच्या वाटेत बुडबुडे आले की खेळ संपला. हवा ध्वनी परत फेकते; माशाच्या पोटातली हवेची पिशवी स्क्रीनवर ठळक उमटते ती याच कारणाने, आणि याच कारणाने बुडबुड्यांचा थर सगळं झाकून टाकतो. म्हणून बोट वेगात असताना ट्रान्सममागे पाणी कुठे गुळगुळीत निघतं ते कुणाला तरी चालवायला बसवून आधी पाहून घ्या. तळावरच्या उभार पट्ट्या, रिव्हेटच्या रांगा, पाणी आत घेणारी किंवा बाहेर टाकणारी तोंडं, यांच्या थेट मागे ट्रान्सड्यूसर नको. इंजिनच्या पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब राहा. एकच इंजिन असेल तर पंख्याची पाती ज्या बाजूला खाली जातात ती बाजू धरा. मागून पाहताना पुढे जाणारा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर ती उजवी. ट्रेलरवर बोट चढवताना रोलर किंवा पट्टा तिथे घासणार नाही ना, हेही त्याच वेळी बघा. हे बरेच जण विसरतात.

उंचीचा हिशेब मिलिमीटरचा आहे. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली, ॲल्युमिनियमच्या बोटीत १० मिलिमीटर खाली, ही सुरुवात. मागून-पुढून तो पाण्याच्या पातळीला समांतर हवा, आणि ती पातळी बोट पाण्यात नेहमीच्या सामानासकट उभी असतानाची. ट्रेलरवरची पातळी फसवते. साइड इमेजिंग असेल तर आडवी समांतरताही तितकीच काटेकोर हवी.

भोकं कमीत कमी पाडा. ट्रान्समवर आधी प्लास्टिकची जाड फळी चिकटवून तिच्यावर स्क्रू मारले तर पुढे ट्रान्सड्यूसर बदलला तरी बोटीला नवी भोकं पडत नाहीत. थेट स्क्रू मारणार असाल तर ड्रिलच्या बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, फायबरच्या वरच्या चकचकीत थराला भोकाच्या तोंडाशी हलका उतार द्या, नाहीतर स्क्रू आवळताना तिथून तडे जातात. प्रत्येक भोकात आणि स्क्रूवर पाण्याखाली टिकणारं मरीन सीलंट भरा. स्क्रू स्टेनलेसचे.

केबल कापायची नाही, हा नियम समजा. उरलेली लांबी सैल गुंडाळून कोरड्या जागी बांधा. इंजिनच्या वायरी, व्हीएचएफ रेडिओची केबल आणि पंपाची वायर यांच्यापासून ती वेगळ्या वाटेने न्या. ट्रान्सड्यूसर धक्का लागून वर उडणारा असेल तर तेवढी ढील ठेवा. यंत्राची वायर शक्यतो थेट बॅटरीपासून, माहितीपत्रकात दिलेल्या फ्यूजसह घ्या. इतर उपकरणांच्या जुडग्यातून घेतलेल्या विजेने स्क्रीनवर ठिपक्यांची रांगोळी उमटते.

पाण्यात उतरण्याआधी नव्या ट्रान्सड्यूसरचा चेहरा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे त्यावर हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. मेनूत मॉडेल निवडा, पाणी गोडं की खारं ते सांगा, आणि ट्रान्सड्यूसर पृष्ठभागापासून किती खाली आहे ते मोजून खोलीत मिळवा. तळाला लागण्याची भीती असेल त्या जागी ट्रान्सड्यूसरपासून बोटीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचं अंतर वजा करून त्या भागापासूनची खोली दाखवून घेणं जास्त शहाणपणाचं.

चाचणी इंजिन बंद ठेवून सुरू करा. मग पंप, रेडिओ, दिवे एकेक लावा आणि कशाने रेषा उठतात ते टिपा. त्यानंतर वेग हळूहळू वाढवा. ठरावीक वेगाला चित्र तुटत असेल तर ट्रान्सड्यूसर तीन-तीन मिलिमीटरने खाली घ्या किंवा त्याची शेपटी किंचित खाली झुकवा, आणि दर वेळी एकच बदल करा. मागून पाण्याचा फवारा उडू लागला तर तो फार खाली गेला आहे. बोट हलत असताना माशांच्या कमानी (मासे स्क्रीनवर कमानीसारखे उमटतात) सतत अर्ध्याच दिसत असतील तर पुढचा-मागचा कल तपासा. गेन (प्रतिध्वनी टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर समाधानकारक असेल तर त्याला हात लावू नका; नॉइज फिल्टर तर सगळ्यात शेवटी, कारण ते छोटे मासेही पुसून टाकतात.

पहिल्या फेरीनंतर बोट बाहेर काढाल तेव्हा ट्रान्समच्या आतल्या बाजूला, स्क्रूच्या मागे, हाताचं बोट फिरवून ओल आहे का ते पाहा आणि सगळे स्क्रू पुन्हा आवळा. बोट कायम पाण्यातच राहणार असेल तर ट्रान्सड्यूसरच्या चेहऱ्यावर ट्रान्सड्यूसरसाठी बनवलेल्या पाण्यावर आधारित अँटीफाउलिंगचा (शेवाळ धरू न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर द्या. तळाला लावायचा साधा रंग तिथे नको, त्यातल्या द्रावकांनी प्लास्टिक खराब होतं.