कोणाच्या खिशातून? किती?

स्पर्धा कायद्यातल्या माझ्या पहिल्या मेमोवर सिनिअर मॅडमनी लाल पेनाने एवढेच तीन शब्द लिहून कागद परत पाठवला होता.

प्रश्न साधा होता. काही उत्पादकांना एकत्र ठरवून एक जुनं, कचरा वाढवणारं पॅकिंग बंद करायचं होतं. मी पर्यावरण कायद्यातून आलेली. पुण्यात हरित लवादाचं खंडपीठ असल्यामुळे कॉलेजात आमचा सगळा जोर तिकडे असायचा. कंपन्या आपणहून काही चांगलं करताहेत म्हटल्यावर मी दीड पानात हिरवा कंदील दाखवला. स्पर्धा कायद्यात, म्हणजे कंपन्यांनी आपसात ठरवून बाजारातली चढाओढ मारू नये हे पाहणाऱ्या कायद्यात, मात्र दोन प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसले की तिथेच भुवया उंचावतात, मग टेबलावर झाडाचं रोप ठेवलेलं असलं तरी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी आधी पाठ्यपुस्तक उघडू नका, असंच सांगते. तीन-चार निर्णय मुळातून वाचा, आकड्यांसकट.

पहिला युरोपियन आयोगाचा (युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणारी संस्था), १९९९ चा. युरोपातल्या वॉशिंग मशीन उत्पादकांनी सर्वात जास्त वीज खाणारी मशीनं बनवणं आणि आयात करणं थांबवायचा करार केला. बाजारातला बहुतेक सगळा हिस्सा या कंपन्यांचाच, म्हणजे ग्राहकाला स्वस्त मशीन मिळण्याची वाट बंद. तरी आयोगाने परवानगी दिली. का, ते हिशोबात आहे. महाग मशीनचे जादा पैसे विजेच्या बिलातून ९ ते ४० महिन्यांत वसूल होत होते, आणि समाजाला होणारा फायदा त्या जादा खर्चाच्या सातपटीहून अधिक धरला होता. खिसा ग्राहकाचा होता, पण पैसे त्याच खिशात परत येत होते.

आता नेदरलँड्सची कोंबडी घ्या. तिथल्या सुपरमार्केटांनी आणि कुक्कुटपालकांनी ठरवलं की २०२० पर्यंत हलक्या दर्जाच्या पालनातलं चिकन विकायचंच नाही. पक्ष्यांना थोडी जास्त जागा आणि सावकाश वाढणारी जात, असा बेत. हेतूवर कोणाचाच आक्षेप नव्हता. डच स्पर्धा प्राधिकरणाने ग्राहकांना विचारून पाहिलं, यासाठी किलोमागे किती जास्त द्याल? उत्तर आलं ८२ सेंट. खर्च वाढणार होता १ युरो ४६ सेंट. २०१५ मध्ये प्राधिकरणाने हे कायद्यात बसत नाही असं सांगितलं. या निर्णयावर खूप टीका झाली आणि मलाही तो तेव्हा कोरडा वाटला होता. मुक्या जिवाच्या हालांची किंमत गिऱ्हाइकाला विचारून ठरवायची? पण २०२० मध्ये त्याच प्राधिकरणाने पुन्हा पाहणी केली, तर सुपरमार्केटं एकमेकांशी स्पर्धा करता करता त्या करारापेक्षाही पुढे गेलेली होती. तेव्हापासून मी जरा कमी आवाजात बोलते.

माझ्या दृष्टीने सर्वात शिकवणारी केस मात्र धुण्याच्या पावडरीची. युरोपात पावडर कमी लागावी, खोकं लहान व्हावं अशी उद्योगाची एक पर्यावरणीय मोहीम चालू होती. मोहीम खरी होती. पण त्या निमित्ताने होणाऱ्या भेटींत हेंकेल, प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि युनिलिव्हर यांनी आणखी एक गोष्ट जुळवून घेतली. खोकं लहान झालं तरी किंमत उतरवायची नाही. पुढे हेंकेलनेच आयोगाकडे जाऊन सगळं सांगितलं आणि दंडातून सुटली. उरलेल्या दोघींना २०११ मध्ये मिळून ३१५.२ दशलक्ष युरो भरावे लागले. हा निर्णय वाचताना पेन्सिल हातात ठेवा. मोहिमेसाठी खरोखर गरजेचं काय होतं आणि जाता जाता उरकून घेतलेलं काय, याची खूण करत जा. आमच्या कामाचा निम्मा भाग म्हणजे ही खूण.

उलटी बाजू जर्मन मोटारींची. डिझेलचा धूर कायद्याने मागितल्यापेक्षा जास्त स्वच्छ करता येत असतानाही डाइमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूहाने त्यात चढाओढ करायची नाही असं ठरवलं, अगदी अॅडब्लूच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाच्या) टाक्या केवढ्या ठेवायच्या इथपर्यंत. २०२१ मध्ये ८७५ दशलक्ष युरो दंड झाला. माहिती देणारी डाइमलर सुटली.

आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यात, कलम १९(३) मध्ये, भारताच्या स्पर्धा आयोगाने काय काय तोलायचं ते दिलंय. ग्राहकांचं हित आहे, उत्पादनातली सुधारणा आहे, तांत्रिक विकास आहे. पर्यावरण हा शब्द नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी करार करून उत्पादन किंवा पुरवठा आवळला की कलम ३(३) खाली तो करार स्पर्धेला घातकच असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी कंपन्यांवर येते. म्हणजे वॉशिंग मशीनसारखा करार इथे करायचा तर पर्यावरणाचा फायदा ग्राहकाच्या किंवा तंत्रज्ञानाच्या भाषेत मांडावा लागेल. त्यासाठी अर्थशास्त्र लागतं. बारावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेल्यांनी (मी त्यातलीच) निदान एक्सेल आणि प्राथमिक सूक्ष्म अर्थशास्त्र शिकून घ्यावं. स्पर्धा आयोगाची दिल्लीतली इंटर्नशिप मिळाली तर सोडू नका.

बाकीचं काम बैठकांत शिकता येतं. अंधेरीतल्या एका हॉटेलात उत्पादकांच्या एका असोसिएशनची प्लास्टिकच्या ईपीआरवर (आपल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकाने घ्यायची जबाबदारी; ती पार पाडल्याचा पुरावा म्हणजे सर्टिफिकेट) बैठक होती. नाव सांगणार नाही आणि तपशीलही थोडे बदललेत. माझं काम कोपऱ्यात बसून ऐकायचं. अजेंडा आम्ही आधी तपासलेला, दोन तास सगळं सुरळीत. मग चहाला सगळे बाहेर गेले. समोशाची प्लेट हातात घेऊन एक ज्येष्ठ सदस्य शेजारच्याला म्हणाले, "सर्टिफिकेटचा खर्च किलोमागे अमुक पडतोय. सगळ्यांनी बिलात सारखाच लावून टाकू, म्हणजे कोणी कोणाला पाडणार नाही."

मी मध्ये बोलले. ते म्हणाले, "अहो मॅडम, पर्यावरणाचंच तर बोलतोय ना!"

मी म्हटलं, "काका, नियम पाळणं सगळ्यांना सक्तीचं आहे. पण खर्च बिलात लावायचा की पोटात घालायचा, ते ज्याने त्याने आपल्या ऑफिसात बसून एकट्याने ठरवायचं."

विषय निघाला आणि लगेच थांबवला, अशी नोंद मिनट्समध्ये केली. काका थोडे रुसले. पुढच्या बैठकीपासून चहा हॉलमध्येच मागवायला सांगितला, आणि मी आता कोपरा सोडून समोशांच्या टेबलाजवळची खुर्ची धरते.