ब्लॉक आधी मागून घ्या

आत्याच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तिला घेऊन आम्ही मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो आणि टॅक्सीने परळच्या टाटा मेमोरियलला पोचलो. माझ्याकडे रिपोर्टांची जाडजूड फाइल होती. पण तिथं पहिल्यांदा विचारलं ते हेच : "स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का?" ब्लॉक गावाकडच्या लॅबमध्येच राहिला होता. तो आणायला भाऊ रात्रीच्या गाडीने परत गेला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर सांगते.

बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून ठोकळा करतात, तोच ब्लॉक. त्याच्या अतिपातळ चकत्या काचेवर घेतल्या की स्लाइड तयार होते. कॅन्सरच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या रिपोर्टवर न थांबता स्लाइड स्वतः पुन्हा पाहतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्याही त्याच तुकड्यावर होतात. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हर-टूवरचं औषध द्यायचं का, हे त्यावरून ठरतं. म्हणून लॅबला लेखी अर्ज देऊन ब्लॉक मागून घ्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथंच ताडून पाहा. डबी उन्हात ठेवू नका, आत मेण आहे.

बायोप्सीलाच आत्या तीन आठवडे अडून बसली होती. "सुई लागली की कॅन्सर पसरतो," असं गल्लीतल्या बायकांनी तिच्या मनात भरवलं होतं. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत ही भीती खरी नाही. जागा बधिर करून जाड सुईने बारीक तुकडे घेतात. उलट निदान न करता गाठ कापून मोकळं व्हायची घाई करू नका. नंतर कॅन्सर निघाला, तर पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं.

सोबत दोघांनी जा. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने रुग्णाजवळ बसायचं. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, सीडी आणि चालू औषधांची यादी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून सांगा. टाटामध्ये नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट हे विचारतात, मग फाइल नंबर मिळतो. रेशनकार्डही असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल उपचार सुरू होण्याआधीच समाजसेवा विभागात विचारा. कॅन्सर रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्मही मागून घ्या.

पहिल्या दिवशी उपचार सुरू होतील असं धरून जाऊ नका. डॉक्टर हाताने तपासतात, काखेतल्या गाठी बघतात आणि पुढच्या तपासण्या लिहून देतात.

आम्ही आत्याला "साधी गाठ आहे" असंच सांगून नेलं होतं. डॉक्टर मात्र थेट तिच्याशीच बोलले. तिने शांतपणे विचारलं, "लेकाचं लग्न दोन महिन्यांवर आहे, तोवर थांबता येईल का?" तिला सगळं आधीच कळलं होतं. एवढे दिवस तिला एकटीला ते मनात वागवायला लावलं, याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही घरीच बोला. तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत लिहून न्या.

पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठं पसरलाय ते पाहायचा स्कॅन, प्रत्येकाला लागत नाही, तेव्हा आपल्या मनाने आधीच करून जाऊ नका. लिहून दिलाच, तर चार ते सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचं आधीच विचारून ठेवा, कारण साखर वाढलेली असली तर स्कॅन पुढे ढकलतात. किरणोत्सर्गी इंजेक्शन दिल्यावर साधारण तासभर न बोलता पडून राहायचं. त्यानंतर काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायला सांगतात. आम्ही डोंबिवलीला आत्याच्या भाचीकडे उतरलो होतो. तिचं तान्हं बाळ त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे ठेवलं.